वाजेनाशा झालेल्या रेकॉर्ड कामाला लावताना

२०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी सांगलीत आमच्या मामाच्या घरात शिरलं, तेव्हा खालच्या खोलीतली रेकॉर्डची पेटीही बुडाली. पाणी ओसरल्यावर पेटी उघडली तर कव्हरांचा नुसता लगदा, आणि मधे मधे गाळात रुतलेल्या तबकड्या. मी त्या एकेक करून नळाखाली धरल्या. गाळ निघून गेला, काळा रंग पुन्हा चमकायला लागला. इथवर सगळं ठीक चाललं होतं. मग मी शहाणपणा केला. लवकर वाळाव्यात म्हणून गच्चीवर, तापलेल्या कोब्यावर, उन्हात ओळीने मांडल्या. दुपारी जाऊन बघते तर निम्म्या रेकॉर्ड पापडासारख्या वाकड्या झालेल्या. पुराने जे केलं नव्हतं ते उन्हाने करून दाखवलं.

पुढचं सगळं मी त्या वाकड्या रेकॉर्डवर शिकले. या रेकॉर्ड ज्या प्लॅस्टिकच्या असतात त्या विनाइलला पाण्याचं भय नाही, उष्णतेचं आहे. साधारण ७० अंश सेल्सियसच्या आसपास ते मऊ पडायला लागतं आणि थंड झालं की ज्या आकारात असेल त्याच आकारात ताठ होतं. रेकॉर्ड ज्यामुळे बिघडते त्याच गुणामुळे तिचं काहीतरी घडवताही येतं. त्यासाठी कारखाना लागत नाही, उकळतं पाणी पुरतं. पण उकळत्या पाण्याआधी एक काम आहे आणि ते टाळून चालणार नाही.

आधी ती खरंच बिघडली आहे का ते बघा

हौशीच्या भरात चांगल्या रेकॉर्डला भोकं पाडणारे लोक मी पाहिले आहेत. काळी, धुळीने माखलेली, चरचर वाजणारी तबकडी दिसली की ती वाया गेली असं वाटतं. बऱ्याचदा ती फक्त मळलेली असते.

कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एखादाच थेंब टाका. मऊ स्पंज किंवा जुना सुती पंचा भिजवून खाचांच्या दिशेने, म्हणजे गोल गोल, हलक्या हाताने पुसा. मधल्या कागदी लेबलवर पाणी जाऊ देऊ नका. स्वच्छ पाण्याने धुवून सावलीत उभी करून वाळवा. (सावलीत. माझ्या चुकीवरून तेवढं तरी शिका.) पावसाळ्यात माळ्यावर पडून पांढरी बुरशी चढलेल्या रेकॉर्डही अशा धुण्याने पुष्कळदा वाजू लागतात.

मग प्लेअरवर लावून ऐका. स्वतःकडे नसेल तर ओळखीत कोणाकडे तरी असतोच. अधूनमधून टकटक येत असेल तर तो वरवरचा चरा आहे, रेकॉर्ड चांगली आहे. एकाच ओळीवर पिन अडकून गायक तेच तेच आळवत बसला, किंवा पिन सरळ उडी मारून पुढे गेली, आणि हे दोन्ही बाजूंना चार-पाच ठिकाणी होत असेल, तर ती गेली समजा. कडेचा तुकडा उडालेला असेल, तडा मध्यापर्यंत गेला असेल किंवा ती इतकी वाकली असेल की पिनचा हात वरखाली नाचतो, तर तीही आपल्या कामाची.

मात्र न वाजणारी रेकॉर्डही कोणाला तरी हवी असू शकते. मराठी नाट्यपदं, जुनी भावगीतं, पोवाडे, भाषणं असं काही असेल तर कापण्याआधी एखाद्या संग्राहकाला लेबलचा फोटो दाखवा. मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था १९९० पासून या कामात आहे. फोटो काढायला पाच मिनिटं लागतात आणि कापलेली रेकॉर्ड परत जोडता येत नाही.

तवा असेल तर हात लावू नका

घरात सापडलेली प्रत्येक काळी तबकडी विनाइलची नसते. जुन्या संग्राहकांच्या बोलीत जिला तवा म्हणतात ती मिनिटाला ७८ फेरे घेणारी रेकॉर्ड लाखेची असते. पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर लाखेचे किडे जी राळ सोडतात तिच्यात दगडाची बारीक भुकटी आणि काजळी मिसळून ती दाबलेली असते. १९०२ च्या नोव्हेंबरात कोलकात्यात गायिका गौहर जान यांचं गाणं मुद्रित झालं ते याच प्रकारच्या तबकडीसाठी, आणि पुढची कितीतरी दशकं आपल्याकडचं ग्रामोफोनचं गाणं लाखेवरच वाजलं. विनाइलची लाँग प्ले, म्हणजे आपली एलपी, अमेरिकेत १९४८ मध्ये आली.

फरक ओळखायला कठीण नाही. तवा हाताला जड लागतो. नखाने टिचकी मारली तर विनाइल बद्द वाजतं, तवा टणक आवाज देतो. विनाइल किंचित लवतं, तवा लवत नाही, कडकन मोडतो. त्यामुळे वाकवून परीक्षा घेऊ नका. लेबलवर ७८ लिहिलेलं असेल तर प्रश्नच मिटला. तवा तापवून वाडगं वगैरे करायच्या भानगडीत पडू नये, आणि तो स्पिरिटने पुसायचा तर मुळीच नाही, कारण लाख स्पिरिटमध्ये विरघळते. तडकलेला तवा असेल तर चौकटीत घालून भिंतीवर लावा.

आणखी एक. कडेला किंवा मधल्या भोकाशी धातू चमकताना दिसला तर ती अल्युमिनियमवर लेप चढवलेली तबकडी आहे. अशा तबकड्यांवर थेट मुद्रण केलं जाई, त्यामुळे तिची दुसरी प्रत नसण्याचीच शक्यता जास्त. ती जपून ठेवा आणि जाणकाराला दाखवा.

उरल्या त्या विनाइलच्या. ३० सेंटिमीटर व्यासाच्या एलपी आणि साडेसतरा सेंटिमीटरच्या छोट्या ४५ फेऱ्यांच्या. घरात नसतील तर पुण्याचा जुना बाजार किंवा मुंबईच्या चोरबाजारातली मटण स्ट्रीट इथे ढिगात मिळतात. विकणाऱ्याला स्पष्ट सांगा, 'वाजणारी नको, खराब दाखवा.' तो आधी चमकून बघेल, मग खालचा गठ्ठा काढेल.

सामान

गोल कानस, काचपेपर (२२० आणि ४०० नंबरचा), मास्किंग टेप, मोजपट्टी, कोनमापक, जाड सुती हातमोजे, डोळ्यांना चष्मा, नाकाला मास्क. कापायचं असेल तर फ्रेटसॉ (बारीक पात्याची नाजूक करवत) किंवा हॅकसॉचं, म्हणजे लोखंड कापायच्या करवतीचं, पातं. जाड कात्री. कडक उन्हाळ्याचा दिवस टाळून खिडक्या उघड्या ठेवता येतील अशी जागा. हे सगळं पुण्यात बोहरी आळीत, मुंबईत लोहार चाळीत एका फेरीत होतं. गावात असाल तर हार्डवेअरचं दुकान पुरे. घड्याळाचं मशीन मात्र घड्याळजीकडून किंवा ऑनलाइन घ्या.

पहिली वस्तू: घड्याळ

सुरुवात यानेच करा, कारण यात तापवणं नाही. मधलं भोक आधीच आहे आणि तेही अगदी मध्यावर. लाकडाच्या गोल फळीवर मध्य शोधताना जो घाम निघतो तो इथे वाचतो.

नवखे सगळे एका जागी अडतात: मशीन भोकातून जात नाही. रेकॉर्डचं भोक सव्वासात मिलिमीटरच्या आसपास असतं आणि बाजारात मिळणाऱ्या बहुतेक क्वार्ट्‌झ मशीनचा आटे असलेला दांडा आठ मिलिमीटर जाड. फरक पाऊण मिलिमीटरचा, पण तेवढ्यासाठी लोक हातोडीने ठोकतात आणि रेकॉर्ड भोकापासून तडकते. ठोकू नका. गोल कानस भोकात घालून चारही बाजूंनी सारखी फिरवा, चार-पाच फेऱ्यांनी दांडा घालून बघा. एका बाजूने जास्त घासलंत तर घड्याळ तिरकं बसेल. ड्रिल वापरणार असाल तर खाली लाकडाची फळी ठेवून, दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावून, अगदी कमी वेगाने.

दुसरी अडचण वाकड्या रेकॉर्डची. थोडा बाक चालतो, पण जास्त असेल तर मिनिटकाटा कडेला घासतो. तेव्हा ऊन मुद्दाम वापरायचं. रेकॉर्ड दोन गुळगुळीत, मोठ्या टाइलांमध्ये ठेवा, तासभर उन्हात राहू द्या, मग तशीच, टाइल न काढता, घरात आणून वर दोन-तीन जाड पुस्तकं ठेवून रात्रभर थंड होऊ द्या. गरम असतानाच उघडलीत तर मेहनत फुकट. अशी सपाट केलेली रेकॉर्ड ऐकण्यासारखी राहील याची खात्री नसते, पण घड्याळाला खाचांशी देणंघेणं नाही.

आता जोडणी.

१. कोणती बाजू पुढे ठेवायची ते ठरवा. लेबल फाटकं नसलेली, रंग चांगला असलेली घ्या.

२. आकडे हवे असतील तर आत्ताच खुणा करा. कोनमापकाचा मध्य भोकावर ठेवून दर ३० अंशांवर पेन्सिलीने बारीक टिंब. रंगीत पेन, शर्टाची जुनी बटणं, टिकल्या, काहीही लावा. माझं मत विचाराल तर काही लावू नका. काळ्या खाचांवर उजेड पडतो तो पुरेसा देखणा असतो, आणि आकडे चिकटवलेलं घड्याळ दुकानातल्या भेटवस्तूसारखं दिसायला लागतं.

३. मशीनच्या दांड्यावर आधी भिंतीला अडकवायची पत्र्याची पट्टी, मग रबरी वॉशर, मग रेकॉर्ड. पुढच्या बाजूने पितळी वॉशर आणि नट. नट हाताने घट्ट करा, शेवटचा पाव फेरा पान्ह्याने. त्याहून जास्त जोर लावू नका.

४. तासकाटा १२ वर दाबून बसवा, त्यावर मिनिटकाटाही १२ वर, शेवटी सेकंदकाटा. तिन्ही एकमेकांना चिकटलेले नकोत. मशीनच्या मागचं चाक फिरवून काटे पूर्ण एक फेरा नेऊन बघा, कुठे अडतंय का.

५. पेन्सिल सेल घाला आणि भिंतीवर टांगा.

मशीन विकत घेताना दुकानदार दांड्याची लांबी विचारेल. रेकॉर्ड जेमतेम दोन मिलिमीटर जाड असते, म्हणून आखूड दांडा मागा, नाहीतर काटे भिंतीपासून कोसभर पुढे आल्यासारखे दिसतात. एलपीसाठी मिनिटकाटा मध्यापासून दहा-अकरा सेंटिमीटरचा शोभतो. त्याहून लांब आणि जड काटा घेतलात तर साध्या मशीनला तो पावणेनंतर वर चढवताना दम लागतो आणि घड्याळ मागे पडतं.

एलपी मिनिटाला तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश फेरे घेते, म्हणजे तासाला बरोबर दोन हजार. तिच्यावरचा मिनिटकाटा तासाला एक. दोघांची फिरायची दिशा मात्र एकच.

टांगताना एवढंच पाहा की त्या भिंतीवर दुपारचं पश्चिमेचं ऊन थेट पडत नाही ना. मे महिन्यात घड्याळाची कड हळूहळू खाली लवते आणि लक्षात येईपर्यंत ते घड्याळ ओरिगामी झालेलं असतं.

दुसरी वस्तू: पुस्तकांचा टेकू

आता तापवायचं. कशाने तापवायचं हा प्रश्न आधी सोडवू, कारण इथेच अपघात होतात.

गॅसच्या ज्योतीवर कधीही नाही. मी एकदा केलं आहे. कड जळली, काळा धूर झाला आणि घसा असा धरला की संध्याकाळपर्यंत खोकत होते. विनाइल म्हणजे पीव्हीसी. ते जास्त तापलं की त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो, तो डोळे-घसा जाळतो, आणि पेटलं तर धुरात त्याहून वाईट गोष्टी असतात. मायक्रोवेव्हही नको. हॉट एअर गनने एकाच ठिकाणी फोड येतात, सरावाशिवाय ती वापरू नका.

उकळतं पाणी मात्र बिनधास्त. त्याचं कारण साधं आहे: पाणी कितीही उकळलं तरी शंभराच्या वर जात नाही. विनाइल मऊ व्हायला तेवढं पुरतं, जळायला पुरत नाही. पाणीच तुमच्या वतीने तापमानावर नजर ठेवतं.

टेकूसाठी उंच पातेल्यात निदान दहा-बारा सेंटिमीटर पाणी उकळा आणि गॅस बंद करा. हातमोजे घालून रेकॉर्ड उभी धरा आणि खालचा तिसरा हिस्सा पाण्यात बुडवा. लेबल पाण्याच्या वर राहतं, म्हणून त्याला काही होत नाही. अर्धा ते एक मिनिट थांबा. पाण्यातला भाग हलवल्यावर ओल्या चामड्यासारखा लोंबला की बाहेर काढा आणि ताबडतोब ओट्याच्या कडेवर काटकोनात दाबा. ओट्याची कड जितकी सरळ तितका कोन सरळ. दहा-पंधरा सेकंद दाबून धरा, वरून एक तांब्या गार पाणी ओता. झालं.

पहिल्या वेळी कोन वाकडा येतोच. पुन्हा पाण्यात घाला, मऊ करा, पुन्हा दाबा. दोन-तीनदा केलं तरी बिघडत नाही. एक जोडी करायला दोन रेकॉर्ड लागतात आणि दोन्हींच्या बाकाची उंची सारखी हवी, म्हणून बुडवण्याआधी मास्किंग टेपने रेषा आखून घ्या.

रेकॉर्ड हलकी असते, पुस्तकांच्या भाराने घसरते. त्यासाठी वाकवलेला भाग पुस्तकांच्या खाली सारायचा, बाहेरच्या बाजूला नाही. खालून सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा चिकटवला तर आणखी घट्ट बसते. पंक्चरवाला असा तुकडा फुकट देतो.

याच रीतीने एका छोट्या रेकॉर्डला दोन बाक दिले की कागद, बिलं, पत्रिका उभ्या ठेवायचा स्टँड होतो. त्याची वेगळी कृती सांगत नाही, एकदा टेकू जमला की हात आपोआप वळतो.

तिसरी वस्तू: वाडगं

इंटरनेटवर सगळ्यात जास्त दिसणारी आणि सगळ्यात जास्त फसणारी वस्तू ही. लाटेसारख्या चुण्या पडलेलं, किल्ल्या, चिल्लर, केसांच्या पिना ठेवायचं काळं वाडगं.

पाण्यात पूर्ण बुडवून करता येतं, पण लेबल भिजतं. लेबल डिंकाने चिकटवलेलं नसतं, रेकॉर्ड दाबतानाच ते उष्णतेने तिच्यावर बसतं, म्हणून ते सहसा सुटून येत नाही. पण कागद फुगतो, रंग फिका होतो. लेबल वाचवायचं असेल तर आदल्या दिवशी त्यावर पारदर्शक वॉर्निशचे दोन हात द्या आणि पूर्ण वाळू द्या. तरी थोडं नुकसान धरून चाला. पाण्याची रीत अशी: मोठी, काठ उंच असलेली परात घ्या, एलपी सपाट मावेल एवढी. तिच्यात उकळतं पाणी ओता, रेकॉर्ड बुडवा, वर झाकण ठेवा. मिनिटभरात मऊ होते. दोन सांडशांनी उचलून उपड्या डब्यावर मधोमध टाका, कडा आपोआप खाली येतात, मग हातमोज्यांनी चुण्या घाला.

घरात ओटीजी, म्हणजे विजेची छोटी भट्टी, असेल तर काम जास्त नीट होतं, फक्त आत मोजून घ्या. एलपीला आतून निदान ३२ सेंटिमीटर रुंदी-खोली लागते आणि घरगुती ओटीजी पुष्कळदा तिथेच नापास होतो. मग छोट्या रेकॉर्डचं वाडगं करा, तेही गोड दिसतं.

ओटीजीच्या बाबतीत एक गोष्ट कोणी सांगत नाही. त्याचा तापमानाचा खटका विश्वासू नसतो आणि लाल झालेल्या कांडीजवळ जे असेल ते खटक्यावरच्या आकड्याहून कितीतरी जास्त तापतं. म्हणून चालू ओटीजीत रेकॉर्ड ठेवायची नाही. आधी रिकामा ओटीजी ११० अंशांवर दहा मिनिटं तापवा, मग बंद करा. आत ट्रेवर स्टीलचा उपडा डबा, डब्याचा तळ लेबलाएवढा, म्हणजे साधारण दहा सेंटिमीटर रुंद. त्यावर रेकॉर्ड मधोमध ठेवा, दार लावा आणि काचेतून बघत राहा. दोन ते चार मिनिटांत कडा झुकायला लागतात, आधी एक बाजू, मग दुसरी. पूर्ण लोंबली की डब्यासकट ट्रे बाहेर काढा. झुकली नाही तर ती काढून ठेवा, ओटीजी पुन्हा तापवा, पुन्हा बंद करा, मग आत घाला. वेळ जातो, जाऊ द्या. जळका किंवा उग्र वास आला तर दार उघडून, खिडकी उघडून बाहेर जा.

बाहेर काढल्यावर हातात दहा-पंधरा सेकंद असतात. तेवढ्यात काय करायचं ते आधी ठरवलेलं हवं. दोन सोप्या वाटा आहेत. एक, उपड्या डब्यावरच कडा चिमटून सात-आठ चुण्या घालायच्या, निरीला घालतो तशा, एक आत एक बाहेर. दोन, मऊ रेकॉर्ड एका खोलगट पातेल्यात टाकायची आणि वरून त्याहून थोडं लहान पातेलं दाबायचं, म्हणजे कारखान्यातल्यासारखा नीट आकार येतो. मला पहिली आवडते. दुसरी जमायला सोपी आहे पण सगळी वाडगी सारखीच दिसतात.

मधलं भोक बुजवू नका. कुंडी झाकायला वापरलंत तर पाणी निथळायला तेच उपयोगी पडतं. अर्थात कुंडी सावलीतली, गच्चीतली नाही.

आणि या वाडग्यात खाण्याचं काही ठेवायचं नाही. चिवडा नाही, फळं नाही, सुकामेवा नाही, कागद घालूनसुद्धा नाही. पीव्हीसी टिकाऊ व्हावं म्हणून जुन्या रेकॉर्डमध्ये शिशाची संयुगंही वापरली जात. पाहुण्यांना सुंदर वाटतं म्हणून कोणी त्यात शेंगदाणे आणून ठेवतंच, तेव्हा करताना घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

कापायच्या वस्तू

थंड विनाइल कापायला गेलात तर ते वेडंवाकडं फुटतं आणि तुकडे उडतात, म्हणून चष्मा. नाजूक आकारासाठी फ्रेटसॉ, सरळ रेषेसाठी हॅकसॉचं पातं. दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावून टेपवर आकार काढा, म्हणजे कडेच्या झिरमिळ्या होत नाहीत. साधा गोल कापायचा असेल तर गरम पाण्यात मऊ करून जाड कात्रीने कापा, लोण्यासारखं नाही पण जाड पुठ्ठ्यासारखं कापलं जातं. कापून झाल्यावर काचपेपर पाण्यात भिजवून कड घासा, आधी २२०, मग ४००. ओल्या घासण्याने धूळ उडत नाही आणि ती नाकात जाऊन उपयोगाची नाही.

लेसर कटिंगच्या दुकानात नेऊन देवीचा मुखवटा किंवा सतारीचा आकार कापून आणू, असं मनात असेल तर सोडून द्या. लेसरने पीव्हीसी कापलं की तोच हायड्रोजन क्लोराइड सुटतो, यंत्राचे आरसे आणि धातू गंजतात. जाणता दुकानदार नाहीच म्हणेल. जो हो म्हणेल त्याच्याकडे उभं राहू नका.

कोस्टर, म्हणजे कपाखाली ठेवायची चकती, सगळ्यात सोपा. लेबलाच्या कडेने गोल कापा, लेबलवर वॉर्निशचे तीन हात, खाली फेल्टचा किंवा बुचाचा गोल. पण यावर उकळत्या चहाचा कप ठेवू नका. कपाचा तळ इतका तापतो की कोस्टर नरमतो आणि कपालाच चिकटून वर येतो. ताक, सरबत, गार पाणी, एवढंच. वीस वाजेनाशा रेकॉर्डमधून वीस कोस्टर करण्यापेक्षा, लेबल खरंच सुंदर असलेल्या चार रेकॉर्डचे चारच करावेत. बाकीच्यांचं घड्याळ करा.

वहीसाठी दोन छोट्या रेकॉर्ड, पुढे एक मागे एक. एका कडेला दोन सेंटिमीटर आत तीन भोकं ड्रिलने पाडा, दोन्ही रेकॉर्ड एकावर एक टेपने बांधून एकदमच पाडा म्हणजे भोकं जुळतात. झेरॉक्सवाल्याच्या स्पायरल यंत्राला दोन मिलिमीटर विनाइल झेपत नाही, तेव्हा उघडता येणाऱ्या सुट्या रिंगा घ्या. कागद गोल कापायला अर्धा दिवस जातो. मी चौकोनीच घातले, कोणी तक्रार केली नाही.

दिवाळीत रेकॉर्डवर पणत्या मांडायची कल्पना दरवर्षी कोणीतरी काढतं. नको. तेलाने माखलेलं, मऊ पडलेलं पीव्हीसी आणि वर ज्योत, हे घरात नकोच. उदबत्तीचं घरही नाही, मोटारीच्या डॅशबोर्डवर ठेवायची ताटलीही नाही.

कव्हरं आणि उरलेले तुकडे

कव्हर शाबूत असेल तर ते रेकॉर्डहून मोलाचं आहे. एलपीचं कव्हर साधारण ३१ सेंटिमीटर चौरस असतं, फ्रेमवाल्याला मापासाठी कव्हरच नेऊन दाखवा. बुरशी असेल तर कोरड्या मऊ ब्रशने, घराबाहेर, मास्क लावून झटका. ओल्या फडक्याने पुसलंत तर छपाई उठते. फ्रेमची मागची पाठ खिळ्यांनी ठोकून पक्की करायला लावू नका, वळवता येणाऱ्या पट्ट्या लावून घ्या, म्हणजे कव्हराच्या मागचा मजकूर वाचावासा वाटला तर काढता येतो. आणि वाचावासा वाटतोच.

कापताना उरलेले तुकडे, घासलेली भुकटी, फसलेली वाडगी हे सगळं सुक्या कचऱ्यात. पाणी तापवायच्या बंबात, शेकोटीत किंवा होळीत टाकू नका. मोठे तुकडे मी एका डब्यात ठेवते. कुंडीतल्या रोपांची नावं लिहायला त्यांच्या पट्ट्या चांगल्या होतात, पांढऱ्या मार्करने लिहिलं की पावसातही बरेच दिवस टिकतं. आमच्या कढीपत्त्याच्या कुंडीत सध्या अर्धं 'साइड २' उभं आहे.